खोबणी

फॉर्मवर छापलं होतं, विस्थापित.
आईने ते तीनदा वाचून घेतलं माझ्याकडून
आणि म्हणाली, हे काय आपलं आडनाव आहे?
आमच्या घरात शब्द होता, उठवलं.
शिवडीहून उठवलं.
झोपेतून उठवतात तसं नाही,
पंगतीतून उठवतात तसं,
पान अर्धं असताना
आणि शेजारचा आपल्याकडे न बघता भात कालवत असताना.

सर्व्हेवाले सावर्डेकर म्हणायचे, शिफ्टिंग.
चहा फुंकत म्हणायचे, तुमचं शिफ्टिंग व्हायचंय,
जणू आम्ही पेशंट, या वॉर्डातून त्या वॉर्डात.
मुमताजखाला म्हणायची, तोडलं,
कारण तिचं खरंच तोडलं,
आधी मोरी, मग ती भिंत
जिच्यावर पोरांच्या उंचीच्या रेघा होत्या.
सेल्वम काहीच म्हणाला नाही.
त्याने इडलीचं पात्र टेम्पोत चढवलं,
यादीत त्याच्या नावापुढे आलं, अपात्र.

बाप हाडवैद.
त्याच्या हातात प्रत्येक शब्दाला वेगळं औषध होतं.
लचकलं, त्याला लेप.
मुरगळलं, त्याला शेक.
मोडलं, तर बांबूच्या कामट्या आणि दीड महिना.
पण निखळलं...
इथे तो थांबायचा, तेलाचा हात लुंगीला पुसायचा.
निखळलं म्हणजे हाड शाबूत,
जागाही शाबूत,
फक्त दोघांची गाठ नाही.

गोदीतले हमाल यायचे खांदा धरून.
बाप त्यांना गाव विचारायचा,
गावाला नदी आहे का विचारायचा,
आणि माणूस नदीपर्यंत पोचला की
झटका.
कट्.
बसलं, म्हणायचा.
लाडका शब्द त्याचा.
हाड बसतं, घडी बसते, बस्तान बसतं.
धसकासुद्धा बसतो, आई आतून म्हणायची.

मानखुर्द, सहावा मजला.
लिफ्टला कायमचं टाळं.
निखळलेला खांदा घेऊन सहा जिने कोण चढणार?
बाप खिडकीशी बसायचा,
म्हणजे आम्ही बसवलेला असायचा.
त्याच्या तिळाच्या तेलाला खवट वास यायला लागला.

एकदा विचारलं, आपलं परत बसेल का तिथे?
तो मुलीशी बोलतो तसं बोलला नाही, वैदासारखं बोलला.
म्हणाला, तीन आठवडे.
त्याच्या आत आणलं तर बसतं.
नंतर खोबणी रिकामी राहत नाही,
मांस भरतं तिच्यात.
दोष कुणाचा नाही, शरीराला पोकळी सोसत नाही.
मग हाड जिथे जाऊन पडलंय तिथेच
आपल्यापुरता खळगा करून घेतं.
हात हलतो. जेवता येतं.
डोक्याच्या वर जात नाही, एवढंच.

तेव्हा आम्हाला अकरा वर्षं झाली होती.
मी गुपचूप जाऊन बघून आले होते,
गल्लीच्या जागी पत्रे, पत्र्यांआड गाड्या उभ्या,
आणि नळ होता तिथे वॉचमनची खुर्ची.
बापाला सांगितलं नाही.
त्याने विचारलंही नाही.

परवा चौथ्या मजल्यावरून एका पोराला आणलं,
कठड्यावरून घसरला, खांदा निखळलेला.
बापाने तेल मागितलं,
आईने डोक्याचं खोबरेल दिलं.
गाव कुठलं रे तुझं?
हुंदक्यातून म्हणाला, सी विंग.
ते नव्हे, आधीचं.
चुकीचं बटण दाबणाऱ्याकडे बघावं तसं
पोराने बापाकडे बघितलं.
इथलाच आहे मी, म्हणाला.

बापाला नदी सापडेना.
त्याचा झटका
एक श्वास उशिरा आला.

कट्.

बसलं, असं म्हणाला नाही.
पोराचं मनगट धरून राहिला,
आणि म्हणाला, वर ने.
अजून वर.
डोक्याच्या वर ने.